सुईत दोरा ओवण्यापूर्वी

गेल्या वैशाखात, पावसाळ्याआधी अंथरुणा-पांघरुणांना ऊन दाखविण्याच्या घरोघरच्या वहिवाटीस अनुसरून, माळ्यावरच्या पेटीतून तीन जुन्या गोधड्या काढून अंगणातील दोरीवर पसरल्या, तेव्हा त्यांतून आरपार येणाऱ्या उन्हाने एक अशी गोष्ट दाखवून दिली, जी इतकी वर्षे त्याच गोधड्या पांघरूनही कधी लक्षात आली नव्हती. तिन्ही गोधड्या जागोजाग फाटल्या होत्या. परंतु दोरा मात्र जवळजवळ कोठेही तुटलेला नव्हता. धावदोऱ्याच्या ओळी जशा घातल्या तशा शाबूत होत्या आणि त्या ओळींच्या मधले कापड विरून, चिरून, जाळी होऊन गेले होते. अधिक न्याहाळून पाहता असेही दिसले की त्या फाटण्यालाही एक शिस्त होती : धुऊन धुऊन सायीसारख्या मऊ झालेल्या लुगड्याला पुढे कधीतरी जेथे कोऱ्या, दाट विणीच्या छापील कापडाचे ठिगळ जोडले होते, तेथे ठिगळाच्या कडेकडेने, पण लुगड्याच्याच बाजूस, आखल्यासारखी सरळ चीर गेली होती.

या चिरेचा दोष शिवणाऱ्या हाताकडे जात नाही. टाके तांदळाच्या दाण्याएवढे, एकसारखे आणि सरळ होते. तसे टाके घालावयास आज आपल्यापैकी पुष्कळांना दोन-चार वर्षांचा सराव करावा लागेल. कसूर झाली होती ती सुई हाती घेण्याच्या आधीच, म्हणजे कापड निवडण्याच्या वेळी. दोन कापडे एका शिवणीत बांधली म्हणजे अंगाखाली-अंगावर घेताना, पिळताना आणि वाळत घालताना बसणारी ओढ त्या दोघांनी वाटून घ्यावयाची असते. त्यांतील एक ताठ व बळकट आणि दुसरे जीर्ण असेल तर ताठ कापड जागचे हलत नाही, आणि सारी ओढ त्या जीर्ण कापडाच्या वाट्याला येते. म्हणूनच तुकड्यांच्या शिवणकामात सौंदर्याचा, रंगसंगतीचा आणि नक्षीचा विचार करण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावा लागतो : जी कापडे आपण शेजारी-शेजारी बसवीत आहोत, ती एकमेकांच्या शेजारास योग्य आहेत काय?

हा प्रश्न आपल्या आज्या-पणज्यांनी कधी मोठ्याने विचारला नाही, आणि त्याचे उत्तरही त्यांनी कोणाला समजावून सांगितले नाही. त्यांच्या अज्ञानाचा हा पुरावा नव्हे. ज्या घरात लुगडी, धोतरे, पंचे, उपरणी आणि परकर ही सारी वस्त्रे सुती होती, जवळजवळ एकाच जाडीची होती, एकाच विहिरीच्या पाण्यात धुतली जात होती आणि वर्षा-दोन वर्षांच्या अंतराने एकदमच जीर्ण होत होती, त्या घरात कापडाची निवड घरानेच करून ठेवलेली असे; शिवणारीने ढीग पुढे ओढावा आणि पसरावयास लागावे. आज आपल्या कपाटात सुती साडीच्या शेजारी पॉलिस्टरची साडी, खादीच्या सदऱ्याशेजारी टेरिकॉटची पँट आणि त्यांच्यामध्ये कोठेतरी ताणले जाणारे होजिअरीचे कापड अशी सरमिसळ असते. ढीग दिसावयास तोच, पण त्यातील एकवाक्यता गेली आहे. ज्ञान जे पूर्वी घराच्या रचनेतच होते, ते आता आपणांस शब्दांत मांडून घेतले पाहिजे.

या कामाची परंपरा मात्र आपल्याकडे फार पुरातन आहे. जुन्या वस्त्रांच्या तुकड्यांपासून केलेल्या पांघरुणाला संस्कृतात 'कंथा' हा शब्द आहे आणि बंगालमधील 'काँथा' हे नाव त्याच कुळातले. बौद्ध भिक्षूंचे चीवर हेही तुकडे जोडून शिवावयाचे वस्त्र. मगधातील बांध घातलेली चौकोनी शेते शिष्य आनंदाला दाखवून भगवान बुद्धांनी त्या आकृतीप्रमाणे चीवर शिवावयास सांगितले, असा विनयपिटकात उल्लेख आहे. आपल्या महाराष्ट्रात तर १८७६ साली जन्मलेल्या आणि १९५६ साली दिवंगत झालेल्या गाडगेबाबांनी चिंध्यांचे वस्त्र जन्मभर अंगावर वागविले आणि लोकांनी त्यांना 'गोधडेबुवा' असे नावही दिले. बिहारात सुजनी, सिंध-कच्छात रल्ली, आपल्याकडे कोठे गोधडी तर कोठे वाकळ, आणि तान्ह्या बाळाचे दुपटे : नावे निराळी असली तरी या सर्वांच्या मुळाशी एकच दृष्टी आहे, ती अशी की वस्त्र जुने झाल्याने त्याचे आयुष्य संपत नाही, केवळ त्याचे काम बदलते.

आता निवडीचा पहिला निकष पाहू. तो धाग्याच्या जातीचा. गोधडीकरिता कापूस सर्वश्रेष्ठ मानावयाचा तो जुन्याच्या अभिमानापोटी मानू नये. त्याला भक्कम कारणे आहेत. कोरड्या कापसाच्या १०० भार वजनामागे हवेतील सुमारे ८.५ भार ओलावा त्याच्या अंगी सहज मुरतो, तर पॉलिस्टरच्या अंगी तोच ओलावा अर्धा भारही मुरत नाही. सुती पांघरुणात घाम जिरतो आणि पॉलिस्टरच्या पांघरुणात अंग चिकचिकते याचे कारण हेच. दुसरे असे की, कापसाचा धागा ओला झाला म्हणजे कोरड्यापेक्षा अधिक बळकट होतो. पाण्याने भिजून जड झालेली, दोघींनी दोन टोके धरून पिळलेली आणि दगडावर आपटलेली गोधडी टिकते, ती कापसाच्या या स्वभावामुळे. रेयॉनचे मात्र नेमके उलट आहे : ते हाताला रेशमासारखे मऊ लागते, रंगही त्यावर सुंदर खुलतात, परंतु पाण्यात पडताच त्याचे बळ जवळजवळ अर्ध्यावर येते. दिसण्यावर भुलून ते गोधडीत घातले तर पहिल्या काही धुण्यांतच पश्चात्तापाची पाळी येते.

कापड सुती आहे की नाही याची खातरजमा करण्याचा एक जुना आणि निर्वेध उपाय आहे. कडेचे चार-सहा धागे काढून, चिमट्यात धरून, पाण्याने भरलेल्या वाटीवर ते पेटवावेत. सुताचा धागा कागदासारखा जळतो, कागदासारखाच वास येतो आणि मागे उरते ती बोटाने चुरडली जाणारी करडी, हलकी राख. रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि उरलेला काळा गोळा चुरडता येतो. पॉलिस्टर असेल तर धागा आधी आकसतो, मग वितळतो आणि त्याचा कठीण मणी होतो, जो बोटाने फुटत नाही. सूत आणि पॉलिस्टर एकत्र कातलेल्या कापडात राख व मणी ही दोन्ही लक्षणे आढळतात. पॉलिस्टरचा हा धागा १९४१ साली इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी प्रथम तयार केला. तेव्हा ज्या गोधड्या त्यापूर्वी शिवल्या गेल्या, त्यांच्या कापडाबाबत ही शंका घेण्याचे कारणच नाही.

धाग्याच्या जातीनंतर त्याची जाडी आणि विणीची घनता यांचा विचार येतो. गिरणीत सुताचा जो 'नंबर' सांगतात, त्याचा हिशेब असा की एक पौंड सुतातून ८४० वारांच्या जितक्या लडी निघतील तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे २० नंबरी सुताचा एक पौंड १६,८०० वार लांब होतो आणि ४० नंबरी सुताचा ३३,६०० वार. नंबर वाढेल तसे सूत बारीक होत जाते. जाडीभरडी खादी किंवा दोसुती आणि तलम मलमल यांना एकाच शिवणीत बांधू नये, असे जे म्हणतात ते या हिशेबावरून सहज उमगेल. विणीचेही तसेच. एका इंचात उभे साठ-सत्तर आणि आडवे तितकेच धागे असतील अशा मध्यम विणीच्या कापडातून सुई सुखाने जाते. याहून विरळ विणीचे कापड टाक्याभोवती उसवते, आणि पलंगपोसाच्या दाट, गुळगुळीत कापडात सुई शिरता शिरत नाही. चार घड्यांतून ती नेताना बोट दुखते, टाका मोठा पडतो आणि शिवणारी कंटाळते. पोपलीन, केंब्रिक, मांजरपाट, हातमागाचे साधे लुगडे, वापरलेले धोतर ही कापडे या कामाला साजेशी आहेत.

याउपरही मुख्य बाब राहतेच, ती वयाची. कोरे आणि जुने यांची गाठ घालू नये हा नियम मी त्या तीन गोधड्यांपासून शिकलो. पण जुने म्हणजे किती जुने, हेही पाहिले पाहिजे. त्याकरिता कापड उन्हाकडे किंवा दिव्याकडे धरून पाहावे : जेथे प्रकाश एकसारखा गाळून येतो तेथे कापड सशक्त आहे, जेथे तो ठिपक्याठिपक्यांनी झिरपतो तेथे ते विरले आहे. मग दोन्ही हातांचे अंगठे एकमेकांशेजारी ठेवून कापड बोटांत धरावे आणि अंगठे बाहेरच्या बाजूस दाबून बेताने ताणावे. धागे नुसते सरकले तर ते कापड आतल्या थराला चालेल. 'चर्र' असा आवाज आला तर ते दस्तऐवजाप्रमाणे जपून ठेवावे, शिवू मात्र नये. लुगड्याचा कोणता भाग आधी जातो हेही ठाऊक असावे. बसण्याचा भाग आणि टाचेशी घासणारा काठ आधी विरतो. निऱ्यांचा आतला भाग आणि खोचलेला भाग पुष्कळ काळ टवटवीत राहतो. अनुभवी शिवणारी लुगडे सबंध घेत नाही, तर त्याचे भाग पाडून सशक्त भाग वर आणि थकलेले भाग आत अशी वाटणी करते.

नऊवारी लुगड्याशी गोधडीचे जे नाते आहे, त्यात मापाचाही एक सुंदर योग आहे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. ते लांबीत चार पदरी घडी केले की दोन मीटरांहून किंचित अधिक लांबीचे आणि सुमारे सव्वा वार रुंदीचे, चार थरांचे एक पांघरूण आपोआपच तयार होते, म्हणजे एका माणसाच्या निजण्याएवढे. अशा चौपदरी पांघरुणाला आपल्याकडे 'चौघडी' म्हणतात ते उगाच नव्हे. काहीही न कापता, एकाही तुकड्याची नासाडी न करता वस्त्राचे अंथरूण होते. कापावयाचे झालेच तर ते कोठे कापावे याची समज मात्र हवी. कापडात लांबीच्या दिशेने जाणारे ताण्याचे धागे मागावर ताठ ताणलेले असतात, म्हणून त्या दिशेने कापड सर्वांत कमी ताणले जाते. बाण्याच्या दिशेने ते थोडे सैल असते. आणि तिरकस, ज्याला शिंपी 'उरेप' म्हणतात, त्या दिशेने ते सर्वांत अधिक लांबते. तुकड्याची कड उरेप पडली तर शिवताना ती लाटेसारखी वाकते आणि चौकोनाचा चौकोन राहत नाही. म्हणून शक्य तेथे कात्री न लावता कापडाला चिमूटभर काप देऊन ते फाडावे. ते धाग्याच्या रेषेनेच फाटते आणि कड आपोआप सरळ येते. नव्या कापडाच्या ताग्याची जी दोन्ही बाजूंची घट्ट विणलेली कोर असते ती काढून टाकावी, कारण धुतल्यावर ती निराळ्या प्रमाणात आटते आणि शेजारचे कापड चुणते.

आटण्याचा विषय निघालाच आहे, तर धुण्याची बाब इथेच सांगतो. मागावर सूत सारखे ओढलेल्या स्थितीत असते; कापड पहिल्यांदा पाण्यात पडले म्हणजे ती ओढ सैल होते, सूत आपल्या मूळ स्थितीस जाऊ पाहते आणि कापड आखडते. हे आटणे ज्याचे झाले आहे असे जुने कापड आणि ज्याचे व्हावयाचे आहे असे कोरे कापड एका शिवणीत आले की पहिल्या धुण्यानंतर गोधडीला जागोजाग फोड आल्यासारख्या चुण्या पडतात. याखेरीज नव्या कापडावर खळ असते. तिने विरळ कापडही भरीव वाटते. कापडाचा तुकडा दोन्ही हातांनी चोळून पाहावा; बोटांना पांढरी भुकटी लागली आणि कापड मऊ पडले तर त्याचा भरीवपणा खळीचा होता असे समजावे. सारांश, न धुतलेले कापड सुईखाली येऊ नये. नवे कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच मोजावे व कापावे.

रंगाची कैफियतही त्याच वेळी ऐकून घ्यावी. मागे एकदा एका दुकानातून आणलेली लाल चीट तिच्या तेजस्वीपणावर खूष होऊन मी न धुताच शुभ्र धोतराच्या शेजारी बसविली, आणि महिनाभराच्या श्रमानंतर पहिल्याच धुण्यात ते धोतर डागाळलेल्या गुलाबी रंगाचे झाले. पुढे कितीही धुतले तरी तो डाग गेला नाही. तेव्हापासून प्रत्येक गडद कापडाची एक परीक्षा ठरवून टाकली आहे : पांढऱ्या सुती फडक्याचे टोक ओले करून कापडावर दहा-वीस वेळा घासावे, आणि तेच कापड कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून पाणी पाहावे. फडके आणि पाणी दोन्ही स्वच्छ राहिली तरच ते कापड फिक्या रंगाच्या शेजारी बसवावे. मिठाच्या पाण्यात भिजविले की कच्चा रंग पक्का होतो, अशी एक समजूत घरोघरी आहे. रंगविण्याच्या क्रियेत मिठाचा उपयोग होतो हे खरे, परंतु एकदा रंगवून आलेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने बांधला जाईल असा भरवसा धरू नये. तो पुन्हापुन्हा धुऊनच काढावा लागतो, आणि तरीही न थांबला तर ते कापड त्याच रंगाच्या गोधडीत ठेवावे.

जुन्या कापडांच्या बाबतीत रंगावरून वयाचाही थोडाफार अंदाज बांधता येतो. १८५६ साली पर्किनने पहिला कृत्रिम रंग शोधला, १८६८ मध्ये मंजिष्ठेतील लाल रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले आणि १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात आली; त्यापूर्वीचा लाल हा मंजिष्ठेचा किंवा आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांचा आणि निळा हा निळीच्या झाडाचा. याच काळात, मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेली कापडगिरणी १८५६ मध्ये चालू झाली, आणि हळूहळू हातमागाच्या वस्त्राबरोबर गिरणीचे कापडही घरोघर आले. एखाद्या घराण्यातील गोधड्या क्रमाने उसवून पाहिल्या तर त्यांच्या थरांतून त्या घराचे दप्तरच उलगडत जाते : तळाशी हातमागाचे सूत, त्यावर गिरणीची चीट, आणि अगदी वर टेरिकॉट. एक धोक्याची सूचना मात्र ध्यानी ठेवावी. जुन्या पद्धतीचा काळा आणि गडद तपकिरी रंग पुष्कळदा लोखंडाच्या क्षारावर बसविलेला असे, आणि लोखंड कालांतराने सुताला खाते. जुन्या छापील कापडात फुलांचा लाल शाबूत आणि भोवतालची काळी रेघ मात्र झडलेली दिसते ती याच कारणाने. असे कापड वरच्या थरास लावू नये.

आतल्या थरांविषयी आपण पुष्कळदा निष्काळजी असतो. जे दिसावयाचे नाही ते कसेही चालेल, असे म्हणून पॉलिस्टरचे तुकडे, जाड पँटीचे पाय आणि ताणले जाणारे बनियन आत ढकलले जातात. परंतु थरांपैकी एक सरकणारा आणि एक खरखरीत असला की टाके मध्येच ओढले जातात आणि आत गोळे होतात. सुती थरांवर सुती थरच सुखाने बसतो, कारण एका सुताचे बारीक तंतू दुसऱ्याला धरून राहतात. जरीचा काठ असेल तर तो उसवून निराळा ठेवावा; जर टोचते आणि दोराही कापते. खणाचे तुकडे मोहक खरे, परंतु त्यांत रेशीम असेल आणि गोधडी रोज उन्हात पडणार असेल तर ते टाळावेत. ऊन सुतापेक्षा रेशमाला लवकर जीर्ण करते. असे तुकडे भिंतीवरच्या किंवा पेटीतल्या शोभेच्या कामाकरिता राखून ठेवणे हेच त्यांच्याशी न्यायाचे वर्तन होय.

दोऱ्याची निवड ही कापडाच्या निवडीचाच एक भाग आहे. माझ्या तीन गोधड्यांत दोरा राहिला आणि कापड गेले; व्हावयास पाहिजे ते याच्या उलट. दोरा कापडापेक्षा किंचित दुबळा असावा, म्हणजे जास्त ओढ बसली तर टाका तुटेल आणि तो पाच मिनिटांत पुन्हा घालता येईल. तुटलेले कापड पुन्हा विणता येत नाही. पॉलिस्टरचा दोरा चिवट म्हणून विकला जातो, आणि तो चिवट आहेच, पण मऊ सुती कापडाला तो काळाने तारेसारखा कापीत जातो. सुती दोराच वापरावा. दोन-तीन थरांना ४० नंबरचा पुरतो, अधिक थरांना त्याहून जाड, म्हणजे कमी नंबरचा घ्यावा आणि ओवण्यापूर्वी त्यावरून मेणाचा खडा फिरवावा, म्हणजे तो गुंतत नाही. सुयांचाही नंबर वाढेल तशी सुई बारीक होते. आखूड सुईने टाका लहान पडतो, आणि मधल्या बोटात अंगुस्ताना घातल्यावाचून चार थरांच्या कामाला हात घालू नये.

इतके सारे झाल्यावर रंगसंगतीचा अधिकार सुरू होतो, आणि येथे मराठी भाषेनेच आपणांस केवढी तरतूद करून ठेवली आहे! अंजिरी, डाळिंबी, आमसुली, मोरपंखी, पारवा, अबोली, शेवाळी, विटकरी, गुलबक्षी, केतकी, आणि काळी चंद्रकळा : ज्या समाजाने लुगड्यांच्या रंगांना अशी नावे ठेवली, त्याची नजर रंगाच्या बाबतीत किती सूक्ष्म असेल! तथापि तुकड्यांच्या कामात रंगाच्या नावापेक्षा त्याचा फिकेपणा व गडदपणा अधिक महत्त्वाचा असतो. डाळिंबी आणि शेवाळी हे परस्परविरुद्ध रंग शेजारी ठेवले, पण दोन्ही सारखेच गडद असले, तर दुरून ते एकमेकांत मिसळून जातात आणि नक्षी हरवते. उलट एकाच निळ्याच्या फिक्या आणि गडद छटा शेजारी ठेवल्या तर आकृती स्पष्ट उठते. तुकडे जमिनीवर मांडून, चार पावले मागे सरून, डोळे अर्धवट मिटून पाहिले असता हा भेद तत्काळ समजतो. छापील कापडे निवडताना सर्वच मोठ्या फुलांची घेऊ नयेत. मोठी फुले, बारीक बुट्टी, रेघा आणि मधून मधून साधे एकरंगी कापड असा मेळ असला म्हणजे डोळ्याला विसावा मिळतो.

या रंगदृष्टीचा एक हृद्य दाखला आपल्या शेजारीच आहे. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, येल्लापूर, मुंडगोड या भागांत राहणारे सिद्दी लोक मूळचे आफ्रिकेतून आलेले. त्यांच्यात कोकणी आणि मराठी बोलणारेही आहेत. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची 'कवंदी' शिवतात. त्या एका कोपऱ्यापासून आरंभ करतात आणि कडेकडेने फिरत फिरत मध्याकडे येतात. तुकडा जेथे येईल तेथे त्याच्या शेजाऱ्याचा रंग पाहून त्याला जागा देतात, आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घडीघडीचे त्रिकोण बसवितात, ज्यांना त्या 'फुला' म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी दिसते, असे त्या मानतात. पूर्वनियोजित आराखडा नसताना इतका मेळ साधतो, याचे कारण प्रत्येक तुकडा हातात घेऊन, त्याचा पोत चाचपून, त्याला योग्य शेजार दिलेला असतो.

कापड कोठून आणावे, असा प्रश्न कोणी विचारील. बोहारणीला भांड्याच्या मोबदल्यात देण्यापूर्वी घरचे सुती कपडे एकदा उन्हाकडे धरून पाहावेत. शिंप्याच्या दुकानात पडलेली कातरणही मागितल्यास मिळते. मात्र ती कोरी असते हे विसरू नये आणि कोऱ्या कातरणीची गोधडी कोऱ्याच कापडांची करावी. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला मात्र कोरे कापड आणू नये. नवजात बाळाला जुने, मऊ वस्त्र घालण्याचा जो आपल्याकडील रिवाज आहे, त्याचे कारण असे की त्या वस्त्रातली खळ गेलेली असते, कच्चा रंग गेलेला असतो आणि सुताचा खरखरीतपणा गेलेला असतो. पणजोबांच्या धोतराइतके योग्य कापड बाळाच्या कातडीला दुसरे नाही.

म्हणून वाचकांस एवढीच विनंती आहे की, यंदा दिवाळीपूर्वी कपाटे आवराल तेव्हा जुन्या कपड्यांचे सरसकट एक गाठोडे बांधू नका. सुती आणि मिश्र असे दोन ढीग करा; सुती ढिगातून पुन्हा सशक्त, मध्यम आणि विरलेले असे तीन भाग पाडा; प्रत्येक भाग निराळा धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवा आणि त्यावर एक चिठ्ठी लावा. या कामाला एक दिवस लागतो. त्या दिवसानंतर जी गोधडी शिवाल, ती तिच्या पहिल्या ठिगळाची पाळी यावयाच्या आत दोन पिढ्यांना पुरेल.